दुचाकीवरून भारत परिक्रमा: गटाने निघण्यापूर्वीच्या तयारीचा योग्य क्रम

पुण्याहून किंवा मुंबईहून चार-सहा मित्र दुचाकीवर संपूर्ण देश फिरून येण्याचे ठरवतात, तेव्हा बहुतेकांची तयारी एकाच चुकीच्या क्रमाने होते. प्रथम जॅकेट, हेल्मेट आणि सामानाच्या पिशव्या विकत घेतल्या जातात, मग सुट्टी मिळेल त्या तारखा ठरतात, त्या तारखांत बसेल असा मार्ग आखला जातो आणि सोबत नक्की कोण येणार हे निघण्याच्या आदल्या आठवड्यात कळते. असे गट लेहला किंवा सिलिगुडीला पोहोचेपर्यंत फुटलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष गाडीचा नव्हता, क्रमाचा होता. आधी माणसे, मग ऋतू, मग मार्ग, मग कागदपत्रे, त्यानंतर गाडी आणि सर्वांत शेवटी सामान, हा क्रम पाळल्यास पुढचे निर्णय सोपे होतात. खालील मांडणी पुण्याहून निघून श्रीनगर, लेह, मनाली, सिलिगुडी, तवांग, शिलाँग, कोलकाता, चेन्नई, कन्याकुमारी आणि गोवा असे साधारण १२,००० किलोमीटर फिरून परत येणाऱ्या गटासाठी आहे.

१. गट ठरवणे: निघण्याआधी सहा महिने

चार ते सहा दुचाकी ही योग्य संख्या आहे. तीनपेक्षा कमी असतील तर एखादी गाडी बंद पडल्यावर मदत आणायला जाणे आणि थांबलेल्याजवळ कोणीतरी असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत. सहापेक्षा जास्त झाल्यास चहासाठी थांबायलाही पाऊण तास लागतो आणि छोट्या गावात एका ठिकाणी खोल्या मिळत नाहीत.

पहिल्याच बैठकीत चार गोष्टी बोलून, लिहून ठेवाव्यात. रोज किती तास गाडी चालवायची, एका मुक्कामावर किती खर्च करायचा, आजारपण किंवा मोठा बिघाड झाल्यास इतरांनी किती दिवस थांबायचे, आणि कोणाला मध्येच परतावे लागले तर ते कोणत्या मार्गाने होईल. शेवटचे दोन विषय मैत्रीत अवघड वाटतात म्हणून टाळले जातात, परंतु रस्त्यावर, थकलेल्या मनाने, त्यांच्यावर नीट बोलणे होत नाही. आमच्या पहिल्या मोठ्या प्रवासात एका मित्राला ताप आला तेव्हा आम्ही तीन दिवस थांबायचे की पुढे जायचे यावर रात्रभर वाद घातला, आणि ज्याला ताप होता तो शेजारच्या खोलीत ते सर्व ऐकत होता. त्यानंतर हा नियम आम्ही घरूनच ठरवून निघतो.

सामाईक खर्चासाठी प्रत्येकाने सारखी रक्कम एकत्र करावी आणि हिशेब ठेवण्याचे काम दर आठवड्याला बदलावे. याशिवाय प्रत्येकाजवळ रेल्वेने घरी येण्याइतकी आणि गाडी पार्सलने पाठवण्याइतकी स्वतंत्र रक्कम असावी. ती सामाईक पैशांत कधीही मिसळू नये.

*तपासणी:* प्रत्येकाची रजा लेखी मंजूर झाली आहे का? ‘मिळेल बहुतेक’ असे सांगणाऱ्याला गटात धरून मार्ग आखू नये.

२. निघण्याची तारीख पावसावरून ठरवावी

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. भारताभोवती फिरताना तुम्ही चार वेगवेगळ्या हवामानांतून जाता आणि त्यांचे चांगले दिवस एकाच महिन्यात येत नाहीत. मनाली-लेह रस्ता साधारणपणे जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत भरवशाचा असतो. नैऋत्य मोसमी पाऊस सप्टेंबरच्या मध्यानंतर राजस्थानकडून माघार घेऊ लागतो, परंतु आसाम आणि मेघालयातून तो निघायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. त्याच सुमारास तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचेही महिने आहेत. डिसेंबर-जानेवारीत पंजाबपासून बिहारपर्यंत दाट धुके पडते, ज्यात दुचाकी चालवणे मी कोणालाही सुचवणार नाही.

या सगळ्यांतून एकच सोयीची वाट निघते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जावे. लडाखमध्ये सप्टेंबरच्या उत्तरार्धात पोहोचल्यास बर्फ वितळण्याचा जोर कमी झालेला असतो आणि रस्त्यावरून वाहणारे ओढे उतरलेले असतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तवांगला आकाश मोकळे मिळते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्व किनाऱ्यावर पाऊस गाठतो, तो मात्र गृहीत धरावा लागतो.

गणेशोत्सवाचा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक गटात निघतो. विसर्जन झाल्यावर निघू, असे सर्वांना वाटते. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, तेव्हा ते बरोबर जुळले असते. २०२३ मध्ये ती २८ सप्टेंबरला होती, आणि त्या दिवसानंतर निघालेला गट मनाली-लेह रस्त्यावरचा बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडायला ऑक्टोबरच्या मध्यावर पोहोचतो, जेव्हा एका रात्रीच्या बर्फाने रस्ता बंद होऊ शकतो. गणपती उशिरा असतील त्या वर्षी एक तर विसर्जनाआधी निघावे किंवा लडाख वगळून मार्ग आखावा.

*सावधान:* दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकाता आणि गुवाहाटी येथे ऐनवेळी खोली मिळणे कठीण असते. तारखा जुळत असतील तर त्या मुक्कामांचे आरक्षण दोन महिने आधी करावे.

३. मार्गाचे टप्पे आणि विश्रांतीचे दिवस

१२,००० किलोमीटरसाठी ६५ दिवस धरावेत. त्यांपैकी ४५ दिवस गाडीवर आणि २० दिवस थांबण्याचे, म्हणजे रोजची सरासरी सुमारे २६५ किलोमीटर येते. हा आकडा पाहून अनेकांना हसू येते, कारण पुणे-बेंगळुरू एका दिवसात गेल्याचे त्यांना आठवत असते. एक दिवस ८०० किलोमीटर जाणे आणि दोन महिने रोज गाडीवर बसणे यांची तुलनाच होत नाही. शिवाय महामार्गावर ४०० किलोमीटर सहज होतात, तर भालुकपाँग ते तवांग या घाटात १५० किलोमीटरांना पूर्ण दिवस जातो.

ज्यांच्याजवळ तीनच आठवडे आहेत त्यांनी हा संपूर्ण फेरा कोंबण्याचा प्रयत्न करू नये. एका वर्षी पुणे-लेह-पुणे करावे आणि दुसऱ्या वर्षी गाड्या रेल्वेने गुवाहाटीला पाठवून ईशान्य भारत पाहावा. यात कोणताही कमीपणा नाही.

नकाशावर मार्ग काढताना द्रुतगती मार्ग वगळण्याची सूचना आधी द्यावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग आणि बेंगळुरू-म्हैसूर रस्त्याची मुख्य मार्गिका यांवर दुचाकीला मनाई आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर दुचाकीला पैसे लागत नाहीत, तिथे बाजूची अरुंद मार्गिका असते. आग्र्याकडे जाणाऱ्या यमुना द्रुतगती मार्गावर मात्र दुचाकी जाते आणि तिला टोलही भरावा लागतो.

प्रत्येक मोठ्या टप्प्यासाठी माघारीची वाट आधीच ठरवावी. पूर्व किनाऱ्यावर वादळाचा इशारा आला तर विजयवाड्याहून ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हैदराबाद आणि सोलापूरमार्गे थेट पुण्याला येतो. जम्मू-श्रीनगर रस्ता रामबनजवळ दरडीमुळे बंद झाल्यास जम्मूतच थांबायला दोन दिवस राखून ठेवावेत. राखीव दिवस नसलेले वेळापत्रक हे वेळापत्रकच नव्हे.

४. कागदपत्रे आणि परवाने

परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये असले तरी छापील प्रतींचा एक संच जवळ ठेवावा, कारण मोबाइलला नेटवर्क नसते नेमकी तिथेच तपासणी होते. विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांची मुदत परतीच्या तारखेनंतरही महिनाभर शिल्लक असावी. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचे संमतिपत्र सोबत घ्यावे.

अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे प्रवेशासाठी इनर लाइन परमिट लागते. आसाम आणि मेघालयाला ते लागत नाही. तवांगहून बुम ला पाहायचा असेल तर त्याची परवानगी तवांगमध्ये वेगळी काढावी लागते. लडाखमध्ये नुब्रा आणि पँगाँगकडे जाण्यासाठीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावे. परवान्यावरील तारखांना पुढे-मागे चार दिवसांची सवड ठेवावी.

*तपासणी:* जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही. गटात निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड सिम आहेत का, हे पाहावे. घरच्यांनाही याची कल्पना द्यावी, नाहीतर दोन दिवस फोन लागला नाही की तिकडे काळजी सुरू होते.

५. गाडीची तयारी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. गाडी उघडून पुन्हा जोडल्यावर एखादा बोल्ट सैल राहतो, एखादी वायर घासू लागते, आणि ते १००-२०० किलोमीटर गेल्यावरच कळते. म्हणून पूर्ण सर्व्हिसिंग तीन आठवडे आधी करावे आणि त्यानंतर किमान ५०० किलोमीटर गाडी चालवावी.

टायर अर्धे झिजलेले असतील तर बदलूनच निघावे. नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात, त्यांवर पहिले दीड-दोनशे किलोमीटर सांभाळून जावे. चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके) नेहमी एकत्र बदलावेत. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकल्यास ती लवकर ताणते. इंजिन ऑइल कुठे बदलायचे ती शहरे आधीच ठरवावीत, उदाहरणार्थ मनालीहून उतरल्यावर चंडीगड आणि नंतर कोलकाता.

सुटे भाग प्रत्येकाने वेगवेगळे न घेता गटाचा एक संच करावा. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, ब्रेक व क्लचचे लिव्हर, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची जोडकडी, हवा भरायचा पंप, पंक्चरचे साहित्य, एम-सील, इन्सुलेशन टेप आणि जाड तार एवढे पुरते. तारांच्या चाकांना ट्यूब असते, म्हणून अशा गाडीसाठी पुढची आणि मागची अशा दोन्ही ट्यूब घ्याव्यात. गटातल्या सर्वांच्या गाड्या शक्यतो एकाच बनावटीच्या असल्या तर हा संच निम्म्यावर येतो.

*तपासणी:* मागचे चाक काढून ट्यूब बदलणे गटातल्या निदान दोघांना स्वतःच्या हाताने येते का? व्हिडिओ पाहिलेला असणे पुरेसे नाही. ते घरासमोर एकदा करून पाहावे.

६. सामान

जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ, हलक्या वस्तू वर आणि मागे, हा एकच नियम आहे. अवजारे आणि सुटे भाग मागच्या कॅरिअरच्या टोकाला बांधल्यास गाडीचे पुढचे चाक हलके होते आणि वळणावर हँडल डोलू लागते. पाठीवर पिशवी घेऊन ६५ दिवस गाडी चालवता येत नाही. पाठीवर पाण्याच्या पिशवीपलीकडे काहीही नसावे.

कपडे तीन दिवसांचेच घ्यावेत. पावसाचे कपडे मात्र सर्वांत वरच्या कप्प्यात असावेत, कारण पाऊस आल्यावर सगळे सामान सोडावे लागले की माणूस ‘थोडे पुढे जाऊन घालू’ असे म्हणतो आणि भिजतो. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असावे, त्याची मापे नीट बसावीत आणि काच स्वच्छ असावी. काळी काच बोगद्यात आणि संध्याकाळी घातक ठरते.

७. चाचणी प्रवास: निघण्याआधी दोन आठवडे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. सर्व सामान बांधून, सर्व गाड्यांसह, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून महाड आणि चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून पाटण आणि कराडमार्गे परत, असा सुमारे पावणेपाचशे किलोमीटरांचा दोन दिवसांचा फेरा करावा. त्यात घाट, महामार्ग, खराब रस्ता आणि ऑगस्टमध्ये पाऊस हे सर्व मिळते. कोणती पिशवी गळते, कोणाची सीट टोचते, कोण पुढे पळतो आणि कोण मागे राहतो हे दोन दिवसांत समोर येते. परत आल्यावर पिशव्या उघडून, जी वस्तू वापरली गेली नाही आणि अपघातात किंवा बिघाडात लागणारही नाही, ती घरी ठेवावी.

८. रस्त्यावर गटाची रचना

पुढे चालणारा लीड आणि शेवटचा स्वीप हे दोघे अनुभवी असावेत. सर्वांत नवखा चालक लीडच्या लगेच मागे ठेवावा, म्हणजे गटाचा वेग त्याला झेपेल असा आपोआप राहतो. महामार्गावर दोन तिरक्या ओळींत चालावे. समोरच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर असावे आणि घाटात किंवा अरुंद रस्त्यावर एकाच ओळीत यावे.

प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याला पाहत राहावे. तो दिसेनासा झाला तर वेग कमी करावा, तरीही दिसला नाही तर थांबावे. हा नियम सर्वांनी पाळला तर निरोप आपोआप लीडपर्यंत पोहोचतो आणि फोनची गरज लागत नाही. जिथे वळायचे आहे त्या चौकात मागचा दिसल्याशिवाय कोणीही वळू नये.

*सावधान:* ट्रक ओलांडताना पुढचा गेला म्हणून मागच्याने जाऊ नये. प्रत्येकाने समोरचा रस्ता स्वतः पाहून निर्णय घ्यावा. गटांचे सर्वांत गंभीर अपघात याच एका सवयीने होतात.

९. दिवसाचा क्रम

उजाडताच निघावे, ८०-१०० किलोमीटर झाल्यावर नाश्ता करावा आणि सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. देशभर घड्याळ एकच असले तरी सूर्य एक नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्यात सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, तर तेजपूरला पाच वाजण्यापूर्वीच. सिलिगुडी ओलांडल्यावरही पुण्याच्या सवयीने आठ वाजता निघणारे गट अंधारात अडकतात. तिथे पहाटे पाच-सव्वापाचला निघणे योग्य ठरते. उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये अंधार पडल्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर असतात.

मुक्कामी पोहोचल्यावर, चेन गरम असतानाच, ती पुसून तिला ल्यूब (वंगण) लावावे. साधारण ५०० किलोमीटरांनी एकदा, आणि पावसात चालवल्यास त्याच दिवशी. सकाळी निघताना टायरची हवा, ब्रेक, दिवे, चेनचा ताण आणि सामानाचे पट्टे एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात.

अपघात झाल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक उपयोगी पडतो. रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या जॅकेटच्या डाव्या खिशात असावे. सर्वांच्या एकाच खिशात असले की शोधावे लागत नाही.

१०. लडाखची उंची

लडाखमध्ये श्रीनगरकडून जावे आणि मनालीकडून उतरावे, उलट नाही. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल २,७०० मीटर आणि लेह ३,५०० मीटर, अशी चढण हळूहळू होते आणि शरीराला वेळ मिळतो. मनालीकडून चढताना पहिल्याच दिवसांत जवळपास ४,३०० मीटर उंचीच्या सरचूला झोपावे लागते, आणि डोकेदुखी, मळमळ यांनी बेजार झालेले लोक तिथेच सर्वाधिक दिसतात. ज्यांना त्याच बाजूने चढायचे आहे त्यांनी सरचूऐवजी जिस्पाला मुक्काम करावा.

लेहला पोहोचल्यावर पूर्ण दोन दिवस विश्रांती घ्यावी, त्यानंतरच खारदुंग ला ओलांडावा. पाणी भरपूर प्यावे, मद्य घेऊ नये. उंचीवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी. चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे किंवा बसल्या जागी दम लागणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला खाली आणावे.

लेहहून निघताना लेह किंवा कारू येथे टाकी पूर्ण भरावी. पुढे तांडीपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर पेट्रोल मिळणार नाही असे धरून चालावे आणि प्रत्येक गाडीमागे पाच लिटर पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये जादा घ्यावे. तंगलंग ला ५,३०० मीटरहून उंच आहे. विरळ हवेत आणि ओझ्याखाली गाडीचे नेहमीचे ॲव्हरेज मिळत नाही. ओढे सकाळी ओलांडावेत, कारण ऊन चढले की बर्फ वितळून पाणी वाढते.

११. कोणी परत जाणार असेल तर

ठरलेल्या नियमाप्रमाणे निर्णय घ्यावा, वाद घालू नये. गाडी रेल्वेने पाठवताना पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी असावी लागते, नोंदणी प्रमाणपत्राची आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते आणि गाडीचे पॅकिंग करून घ्यावे लागते. आरसे आणि इंडिकेटर काढून सोबत घ्यावेत. परत जाणाऱ्याला स्टेशनपर्यंत पोहोचवायला गटाने अर्धा दिवस द्यावा.

१२. शेवटचे दोन दिवस

कन्याकुमारीहून ६६ क्रमांकाच्या महामार्गाने गोव्यापर्यंत आल्यावर घर जवळ आल्याची भावना होते आणि साठ दिवस पाळलेले नियम सुटतात. गोव्याहून एका दमात पुणे गाठण्याचा मोह होतोच. तसे न करता आंबोली घाट चढून कोल्हापूरला शेवटचा मुक्काम करावा. तिथून पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे. सकाळी नेहमीप्रमाणे पाच मिनिटांची तपासणी करावी, नवखा चालक लीडच्या मागेच ठेवावा, कात्रजच्या बोगद्याआधी थांबून मागच्या सर्व गाड्या आल्याची खात्री करावी आणि मगच शहरात शिरावे.